भार वर, माणसे खाली

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माणसांच्या डोक्यावर किती वजन टांगलेले असते, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या मार्गावर रेल्वेच्या विजेच्या तारा आहेत. रानातून आणि भातखाचरांवरून उच्चदाबाच्या वाहिन्या गेल्या आहेत. समृद्धी महामार्गाचे पूल दऱ्या ओलांडून आले आहेत. आणि लगीनसराईत, जत्रेत, निवडणुकीच्या सभेत लोखंडी ट्रसला लोंबणारे दिवे, एलईडीचे पडदे आणि अलीकडे ध्वनिक्षेपकांच्या माळाही दिसू लागल्या आहेत. या भागात जे जे वर चढले त्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. टांगलेली वस्तू सुरक्षित राहिली ती मुख्यतः जिथे ‘हे खाली आले तर जबाब कोणी द्यायचा’ हे आधीच ठरले होते तिथे. दोर किती जाड, हा प्रश्न त्यानंतरचा. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत ते कधी ठरलेच नाही, कारण हे यंत्र गावात आले तेव्हा फार हलके होते. त्या हलकेपणात जी सवय लागली ती वजन शंभरपट झाले तरी सुटलेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

वस्तू टांगण्याच्या आधीपासून आपल्याकडे माणूस टांगण्याची रीत होती. मुरबाड तालुक्यातल्या म्हसे गावची खांबलिंगेश्वराची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. बैलबाजारासाठी ती जशी नावाजलेली, तशीच पाठीला गळ टोचून नवस फेडण्याच्या प्रथेसाठीही. गळ टोचून माणसाला उंच लाकडाच्या टोकाला लटकवायचे आणि फिरवायचे, हे बगाडाचे जुने रूप. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने आणि सुधारकांनी त्याविरुद्ध भूमिका घेतल्यावर बहुतेक ठिकाणी ते बदलले. वाई तालुक्यातल्या बावधनला रंगपंचमीच्या बगाडात आजही माणूस वर जातो. पण तो शिडाच्या, म्हणजे उंच लाकडाच्या, टोकाला बांधलेला असतो, गळाला अडकवलेला नसतो. प्रथेच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे करायची नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की बगाड उभारणे हे कोणा एकाने सकाळी येऊन उरकायचे काम कधीच नव्हते. लाकूड कोणी आणायचे, बांधायचे कोणी, बैल कोणाचे, हे गावकीत वाटून दिलेले असते. मानाबरोबर दोषही वाटला जातो. रीत माणसाला वाचवतेच असे नाही, आणि गावकीच्या नावाने गहिवरण्याचेही कारण नाही. पण बगाड्याला बांधणारा हात कोणाचा, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. मांडवातल्या ट्रसला चेन लावणाऱ्याचे नाव वधूपित्यालाही ठाऊक नसते, आणि बहुधा डेकोरेटरलाही.

विजेने ही टांगण्याची विद्या पार बदलली. जी.आय.पी. रेल्वेने १९३० च्या सुमारास कल्याणपासून इगतपुरीपर्यंतचा मार्ग विजेवर आणला आणि शहापूर तालुक्यातून मैलोन्‌मैल तार डोक्यावरून धावू लागली. ही तार टांगणे म्हणजे नुसती बांधणे नव्हे. वरची तार झोळीसारखी खाली झुकते. तिच्यापासून लहानमोठ्या लोंबत्या तारांनी खालची, गाडीला वीज देणारी तार सरळ रेषेत धरलेली असते. उन्हाने तार लांबते, थंडीने आखडते. म्हणून आजच्या मार्गांवर तारेच्या टोकाला कप्पीवरून वजने सोडलेली असतात आणि ताण सारखा राहतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट कागदावरची आहे. त्या तारेला हात लावण्यापूर्वी वीज बंद केल्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. ती एका ठरावीक माणसाच्या नावावर असते, आणि काम संपल्यावर त्याच माणसाने ती परत करायची असते. तोवर तारेत वीज येत नाही. कसाऱ्याच्या घाटात, आषाढाच्या पावसात हे जाळे चालते ते या बारक्याशा शिस्तीवर.

टांगलेल्या भाराचा जीव कुठे असतो, हे या भागातल्या शेतकऱ्यांनी १९४२ साली स्वतः दाखवून दिले. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या भूमिगत तुकडीने सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मुंबईला वीज पुरवणारे ११ मनोरे पाडले. तारेला हात घालणे म्हणजे मरण. म्हणून त्यांनी मनोऱ्यांचे पाय कापले. वरच्या भाराचा सगळा हिशेब शेवटी जमिनीपाशी येऊन ठरतो, हे इतक्या नेमकेपणाने आजचे अनेक स्टेजवालेही जाणत नाहीत. ते वरची चेन तपासतात आणि खालचा पाया शेणकुटाच्या जागेवर टेकवतात. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले.

त्याच १९४२ सालाशी ध्वनिक्षेपकाचाही धागा जुळतो. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या जोडीने १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत कर्ण्यातून जाहीरपणे आवाज मोठा करून दाखवला. पुढे पंधरा-वीस वर्षांत ते यंत्र हिंदुस्थानात राष्ट्रीय सभेच्या मंडपात पोहोचले. ते पोहोचवण्यात मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओ या कंपनीचा मोठा वाटा होता. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवर ‘भारत छोडो’च्या सभेत जे बोलले गेले ते त्यांच्याच ध्वनिक्षेपकांनी लोकांपर्यंत नेले, आणि पुढे भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात नानिक मोटवाने यांच्यावर आरोपही ठेवला गेला. त्या काळात ध्वनिक्षेपक पुरवणे हे धाडसाचे काम होते. पण टांगण्याच्या दृष्टीने त्यात काहीच धाडस नव्हते. पत्र्याचा भोंगा आणि त्याच्या मागचे युनिट एका हातात धरून माणूस बांबूवर चढू शकत असे.

स्वातंत्र्यानंतर हाच भोंगा खेड्यापाड्यांत पसरला. सप्ताहाच्या मांडवाशेजारचा आंबा, देवळाचा कळस, शाळेची कौले, पाण्याची टाकी, जिथे उंची मिळेल तिथे तो चढला. सुतळीने, काथ्याने, सायकलच्या जुन्या ट्यूबने, गुरांच्या दाव्यानेसुद्धा बांधला गेला. बांधणारा तोच, मशीन चालवणारा तोच, बॅटरी वाहून आणणारा तोच आणि ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणणाराही तोच. दोर सुटला तर भोंगा फांदीत अडके, फार तर एखाद्याच्या डोक्याला टेंगूळ येई. त्यामुळे मागे दुसरा दोर असावा, वजन किती ते लिहावे, खाली माणसे बसू देऊ नयेत, हे प्रश्न कोणाला पडले नाहीत. पडण्याचे कारणही नव्हते. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या भाराला त्याची गाठ पुरेशी होती.

मग भार बदलला. १९९२ साली फ्रान्समध्ये ख्रिस्तियान हाइल यांच्या कंपनीने एकाखाली एक जोडून माळेसारखे टांगायचे ध्वनिक्षेपक बाजारात आणले, आणि जगभरच्या मैफलींचे रूप पालटले. त्या पहिल्या माळेतली एकेक पेटी १०८ किलोची होती. अशा १२ पेट्या जोडल्या की वरच्या चौकटीचे वजन न धरताच जवळपास तेराशे किलो होतात. मुंबईने मायकल जॅक्सनचा कार्यक्रम १९९६ साली पाहिला, नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानात २०१९ साली यू टू आणि २०२५ साली कोल्डप्ले आले. ही सगळी अजस्र व्यवस्था टांगणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा आहे. पण शहरातले सामान जुने झाले की, किंवा त्याची स्वस्त नक्कल निघाली की, ते कल्याण–मुरबाड रस्त्याने हळदीच्या मांडवात आणि शेतघरांच्या हिरवळीवर येते. सामान येते, टांगणारा येत नाही.

इथे एक आक्षेप साहजिक आहे. आमच्याकडे डीजे टेम्पोवर असतो, जमिनीवर ध्वनिक्षेपकांची भिंत रचलेली असते. कशाला हव्यात या टांगायच्या गोष्टी? वर नेऊच नका, म्हणजे पडायचा प्रश्नच मिटला. हा आक्षेप दिसतो तितका पक्का नाही. जमिनीवरच्या भिंतीपासून तीन मीटरवर उभ्या पोराच्या कानावर आणि साठ मीटरवर बसलेल्या आजोबांच्या कानावर पडणाऱ्या आवाजात, मोकळ्या मैदानात आणि साध्या पेटीच्या हिशेबाने, सुमारे २६ डेसिबलचा फरक पडतो. मागे ऐकू जावे म्हणून आवाज चढवला की पुढच्याचे कान फुटतात. तोच ध्वनिक्षेपक डोक्यापासून साडेआठ मीटर वर नेला तर पुढच्या माणसाचे अंतर नऊ मीटर होते, मागच्याचे जवळपास तेवढेच राहते, आणि फरक साडेसोळा डेसिबलवर येतो. म्हणजे केवळ उंचीने पुढच्या रांगेवरचा मारा साडेनऊ डेसिबलने उतरतो. शिवाय तोंड खाली श्रोत्यांकडे वळवता येते आणि शेजारच्या पाड्यावर कमी आवाज जातो. ज्याला हळदीच्या डीजेचा त्रास होतो त्याने खरे तर ध्वनिक्षेपक वर नेण्याचा आग्रह धरला पाहिजे. आणि टेम्पोवरची भिंत निर्धोक असते हेही खरे नाही. बिहारमध्ये हाजीपूरजवळ ऑगस्ट २०२४ मध्ये कावडयात्रेतले डीजेचे वाहन ११ हजार व्होल्टच्या तारेला लागले आणि अनेक यात्रेकरू दगावले. उंची टाळता येत नाही. ती फक्त हिशेबात धरता येते किंवा विसरता येते.

हिशेब म्हणजे काय, ते थोडे जवळून पाहू. हजार किलोचा भार दोन दोरांनी एकाच हुकाला लावला. दोर उभे असतील तर प्रत्येकावर पाचशे किलो येतात. दोघांत साठ अंशांचा कोन असेल तर सुमारे ५७७. कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक दोरावर पूर्ण हजार किलो, आणि दीडशे अंशांना एकोणीसशेच्या वर. छत बुटके आहे म्हणून दोर पसरून बांधणाऱ्या माणसाला आपण भार कमी करतोय असे वाटते, प्रत्यक्षात तो दुप्पट करीत असतो. तारेच्या दोराला डोळा करून क्लॅम्प मारतानाचीही हीच गत. क्लॅम्पचा यू आकाराचा बोल्ट तोकड्या टोकावर यायला हवा आणि खाचांची बैठक भार वाहणाऱ्या तारेवर. उलटा लावला तर बोल्ट भाराचीच तार चेपतो, आणि खालून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. कापडी पट्टा मऊ आणि सोयीचा, पण तापलेल्या दिव्याशेजारी तो वितळतो. म्हणून त्याच्या जोडीला पोलादी तार लागते. ती जोडीची तारही ढिली सोडून चालत नाही. पट्टा तुटून भार हातभर जरी खाली आला, तरी त्या झटक्याने येणारा ताण मूळ वजनाच्या कितीतरी पट असतो. तार तुटण्याची जी ताकद असते तिच्या पाचव्या भागाहून जास्त भार तिच्यावर टाकत नाहीत, आणि खाली माणसे असली तर त्याहून कमी. मुरबाडच्या पोराला हे कळणार नाही असे कोणी समजू नये. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना वाशाला किती भार झेपतो, हे त्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहे.

वारा हा मात्र वेगळाच हिशेब आहे, आणि तो आपल्याकडे नेमका चुकीच्या वेळी येतो. लगीनसराईचा शेवट आणि वळवाचा पाऊस एकाच महिन्यात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. तीन मीटर बाय पाच मीटरच्या पडद्यावर सेकंदाला १५ मीटर वेगाचा वारा सुमारे दोनशे किलोचा रेटा देतो. भारतीय मानकात मुंबईसाठी धरलेल्या ४४ मीटर वेगाला तोच रेटा पावणेदोन टनांच्या घरात जातो. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वळवाच्या वाऱ्यात १२० फूट उंच, १२० फूट रुंद जाहिरात फलक पडून १७ माणसे गेली. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत १३ ऑगस्ट २०११ रोजी वादळी वाऱ्याने मैफलीच्या स्टेजचे छत कोसळले आणि सात जण मेले. छताचे ताणाचे दोर काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधले होते, आणि ते ठोकळे सरकले. नंतरच्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला ठोकळ्यांहून मोलाची वाटते: कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हेच तिथे स्पष्ट नव्हते. आभाळ सगळ्यांना दिसत होते.

आपल्या कायद्याने या बाबतीत काय केले? आवाजाबद्दल पुष्कळ केले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले, वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले. हे सगळे योग्यच. पण या नियमांचा रोख आवाज किती आणि किती वाजेपर्यंत, एवढ्यावर आहे. पेटी कशाला लटकली आहे, यावर नाही. उलट १९४८ च्या कारखाने कायद्याचे २९ वे कलम पाहा. कारखान्यातली प्रत्येक चेन, दोर, उचलण्याचे साधन यांवर किती भार चालेल ते ठरवावे, त्याहून जास्त टाकू नये, आणि वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करून नोंद ठेवावी, असे ते सांगत आले. मुरबाडच्या एमआयडीसीतली चेनपुली त्या नोंदीत येते. तीच चेनपुली संध्याकाळी फाटकाबाहेर पडून शेजारच्या गावातल्या ट्रसवर चढली, आणि तिच्याखाली पाच कामगारांऐवजी पाचशे वऱ्हाडी जेवायला बसले, की ती कोणाच्याच वहीत नसते. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पूल होते, मनोरे होते, बोगदे होते. मांडव आणि स्टेज यांचा नावानिशी उल्लेख नव्हता.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप शहापुरातच घडलेला आहे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेआधीच्या काळोखात सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर उचलणारे अवाढव्य यंत्र कोसळले आणि २० जण मेले. तिथे अभियंते होते, मोठे यंत्र होते, नकाशे आणि नोंदी होत्या. मग जबाबदारीचे नाव लिहून काय साधले, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे नाही. कागद माणसाची जागा घेत नाही, हे मान्यच करावे लागते. पण त्या अपघातातून कागद निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो हा की, जिथे सगळी शिस्त असायला हवी तिथेही भार पडू शकतो. म्हणून जिथे काहीच शिस्त नाही तिथल्या ‘आजवर कधी पडले नाही’ या वाक्यावर विसंबणे अधिकच धोक्याचे आहे. शिवाय भार पडेलच असे धरून चालणारा एक नियम आहे, त्याला यंत्र लागत नाही की अभियंता: भार हलत असताना खाली कोणी नको. बांबूवरच्या भोंग्याने हा नियम शिकवला नाही. म्हणूनच ट्रस वर खेचली जात असताना तिच्याखाली पोरे खुर्च्या मांडत असतात.

राहिला खर्चाचा मुद्दा. लहान मांडववाला आधीच पोलीस, ग्रामपंचायत, वीज मंडळ यांच्या परवानग्यांत दमलेला. त्यात आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक हात ओला करणे, ही तक्रार खोटी नाही. दाखल्याच्या नावाखाली नुसता शिक्का मिळणार असेल तर तो नसलेलाच बरा, कारण शिक्का माणसाला निर्धास्त करतो. पण वर सांगितलेल्या गोष्टींत महागडे काय आहे? मागची पोलादी तार, पेटीवर रंगाने लिहिलेले वजन, क्लॅम्प सुलटा आहे की नाही हे पाहणारे दोन डोळे. खरा खर्च होतो तो मानाचा. जत्रेची समिती वर्गणीच्या पावतीवर दात्याचे नाव छापते, मांडववाल्याच्या पावतीवर रक्कम लिहिते; त्याच पावतीवर वर काय टांगले, किती किलो, कोणी बांधले आणि वारा सुटला तर ‘खाली घ्या’ म्हणायचा अधिकार कोणाचा, या चार ओळी मावतात. अडचण येते ती चौथ्या ओळीपाशी. व्यासपीठावर आमदारांचे भाषण रंगलेले असताना मुरबाडच्या एखाद्या पंचविशीतल्या पोराने पडदा उतरवायला सांगितले, तर समितीचा अध्यक्ष त्याच्या बाजूने उभा राहील का, हे समितीने जत्रेच्या आधीच्या बैठकीत ठरवावे लागेल, आणि भाषणाला येणाऱ्यांनाही तसे कळवावे लागेल.